न थांबणारा फ्रिज



गेल्या महिन्यात या सदरात आपण नामनिर्देशन आणि मृत्युपत्र यांतील फरक पाहिला. या वेळचा विषय वरकरणी किरकोळ वाटेल. घरातील फ्रिज अखंड चालू राहतो, त्याचा कॉम्प्रेसर थांबतच नाही, अशा वेळी काय करावे? वाणिज्य शाखेच्या माणसाने या यांत्रिक विषयात का पडावे, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे, की गेल्या मे महिन्यात आमच्या घरी याच प्रश्नाने मोठा गोंधळ घातला. त्या गोंधळात हिशेब चुकला तो फ्रिजचा नव्हे, माझा. बँकेत छत्तीस वर्षे ताळे जुळवीत बसलेल्या माणसाकडून तशी चूक व्हायला नको होती.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, महिनाभरासाठी सोलापूरला आमच्याकडे राहायला येणार होती. तिचे वय अठ्ठ्याहत्तर. जुना मधुमेह, दोन वेळा इन्सुलिन घ्यावे लागते. तिचे औषध ठेवायचे म्हणून फ्रिज स्वच्छ असावा, या सद्हेतूने मी स्वतःच तो साफ करायला घेतला. आमचा फ्रिज एकाच दाराचा, अकरा वर्षांचा. वरच्या बर्फाच्या खणात बोटभर जाडीचा बर्फ साचला होता. अशा फ्रिजमध्ये तापमानाच्या गोल बटणाच्या मध्यभागी बर्फ वितळवण्याची एक कळ असते. ती दाबून काही तास थांबायचे, एवढेच काम. परंतु अक्का दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने येणार होती आणि मला धीर नव्हता. मी उलथने घेतले आणि बर्फ खरवडून काढला. अर्ध्या तासात खण लख्ख झाला. घरात माझे कौतुकही झाले.

दुसऱ्या दिवसापासून फ्रिजचा आवाज थांबेना. उन्हाळ्याचे दिवस, पारा चाळिशीच्या वर. फ्रिज जास्त चालणारच, असे आम्ही धरून चाललो. शिवाय तो गार उत्तम करीत होता. पाण्याच्या बाटलीत बर्फाच्या काड्या दिसू लागल्या, तेव्हा नातवंडांना आनंद झाला. दह्यावर बर्फाची साय आली. काकड्या काचेसारख्या होऊन नंतर लिबलिबीत पडू लागल्या, कोथिंबीर काळवंडू लागली. सूनबाईंनी भाजीवाल्याला दोष दिला.

याच सुमारास अक्काची साखर वाढू लागली. उपाशीपोटी १३० ते १४०च्या आसपास राहणारा आकडा दहा-बारा दिवसांत २४०पर्यंत गेला. घरात आंब्याची पेटी आलेली होती. आम्हा सर्वांच्या मनात एकच विचार आला आणि तो बोलून दाखवण्याचे पाप माझ्या हातून घडले. “अक्का, दुपारी आम्ही झोपलो की तू आंबा खातेस का?” तिने माझ्याकडे पाहिले आणि “नाही” एवढेच म्हणाली. मी त्यावर समाधान मानले नाही. रोखपालाने नोटा मोजाव्यात तसे मी रोज रात्री आंबे मोजू लागलो. ते तिच्या लक्षात आले. त्यानंतर ती आमच्याबरोबर पानावर बसेना. आधीच दोन घास खाऊन उठू लागली.

फ्रिजच्या बाबतीतही माझा संशय असाच चुकीच्या दिशेने धावला. आदल्या दिवाळीत एका कारागिराने त्याचा थर्मोस्टॅट बदलला होता. ‘त्याने बनावट भाग बसवला’ असा निष्कर्ष मी काढला आणि दूरध्वनीवर त्याला दोन कठोर शब्द सुनावले. दरम्यान विद्युत उपकरणांच्या दुकानातील एका परिचिताने फ्रिज न पाहताच कॉम्प्रेसर गेल्याचे सांगितले आणि जुना देऊन नवा घेण्याचा सल्ला दिला. मी तोही विचार करू लागलो होतो.

उलगडा झाला तो डॉक्टरांकडे. त्यांनी जेवणाची चौकशी करण्याआधी विचारले, “इन्सुलिनची बाटली कुठे ठेवता?” मी अभिमानाने म्हणालो, “सर्वांत गार जागी. वरच्या फळीवर, बर्फाच्या खणाच्या अगदी खाली, मागे टेकवून.” त्यांनी बाटली मागवली आणि उजेडात धरली. काचेच्या आतल्या बाजूला बारीक गुठळ्या चिकटल्या होत्या. इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सियसच्या दरम्यान ठेवायचे असते. ते एकदा गोठले की पुन्हा वितळल्यावरही वापरायचे नसते, कारण त्याच्या गुणाचा भरवसा राहत नाही. आणि कित्येकदा डोळ्यांना काही फरक दिसतही नाही. तेव्हा मला आठवले, पहाटे बाटली काढताना ती बर्फासारखी लागते, असे अक्का दोनदा म्हणाली होती. मी उत्तर दिले होते, “गार आहे ते चांगलेच.”

त्या संध्याकाळी कारागीर आला. मी बोललेले कठोर शब्द त्याने काढले नाहीत. त्याने खणाखाली टॉर्च धरला, क्षणभर पाहिले आणि मला विचारले, “साहेब, बर्फ कशानं काढला?” थर्मोस्टॅटपासून एक बारीक धातूची नळी निघते. तिचे टोक बर्फाच्या खणाला एका चिमट्याने घट्ट दाबून बसवलेले असते. खण पुरेसा थंड झाला हे त्या टोकाला कळते आणि मग थर्मोस्टॅट कॉम्प्रेसर बंद करतो. माझ्या उलथन्याने तो चिमटा वाकला होता आणि नळीचे टोक मोकळे लोंबत होते. खण कितीही गोठला तरी त्या टोकाला लागत होती ती केवळ आतली हवा. त्यामुळे ‘अजून थंडी पुरेशी नाही’ असाच निरोप जात राहिला आणि कॉम्प्रेसर बिचारा हुकूम पाळीत राहिला. कारागिराने चिमटा सरळ केला, नळी जागेवर बसवली, स्क्रू आवळला. एकही नवा भाग लागला नाही.

बँकेत आम्ही नवशिक्यांना सांगत असू, की ताळा जुळत नसेल तर आधी फरक कोणत्या बाजूला आहे ते पाहा. जमेकडे की नावेकडे. चालत्या फ्रिजच्या बाबतीत हाच पहिला प्रश्न आहे आणि तोच मी विचारला नाही. फ्रिज थांबत नाही हे अर्धेच लक्षण. थांबत नाही आणि आत प्रमाणाबाहेर गार होते आहे, की थांबत नाही आणि आत पुरेसे गार होतच नाही? या दोन तक्रारींची कारणे आणि खर्च अगदी वेगळे आहेत.

हे अंदाजाने ठरवू नये. एक पेलाभर पाणी मधल्या फळीवर ठेवावे, त्यात साधा फ्रिजचा थर्मामीटर बुडवून ठेवावा आणि सकाळी दार उघडताच वाचावा. ४ अंशांच्या आसपास आकडा असेल तर आतले काम ठीक आहे. शून्याकडे झुकला असेल तर पहिली बाजू, ८-१०च्या वर गेला असेल तर दुसरी.

प्रमाणाबाहेर गार होत असेल तर

येथे दोष थंडी निर्माण करणाऱ्या यंत्रणेचा नाही. तिला थांबवणाऱ्याचा आहे. प्रथम बटण पाहावे. उन्हाळ्यात कोणीतरी ते शेवटच्या आकड्यावर नेऊन ठेवलेले असते. ते मधे आणून एक दिवस वाट पाहावी. फरक न पडल्यास ते बंदच्या खुणेवर फिरवावे. तरीही कॉम्प्रेसर चालू राहिला, तर थर्मोस्टॅटचे आतले स्पर्शबिंदू चिकटले असण्याची शक्यता आहे आणि तो बदलावा लागेल. बंदच्या खुणेवर तो थांबत असेल, पण एरवी थांबत नसेल, तर नळीचे टोक जागेवर आहे की नाही ते कारागिराकडून पाहून घ्यावे. इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या फ्रिजमध्ये नळीऐवजी संवेदक असतो. तो बिघडला तरी लक्षण हेच दिसते. यांपैकी कोणत्याही कारणासाठी कॉम्प्रेसर बदलण्याची गरज नाही.

पुरेसे गार होत नसेल तर

फ्रिज थंडी तयार करतो असे आपण म्हणतो. वस्तुतः तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. म्हणून तीन ठिकाणी तपास करावा: उष्णता आत कोठून येते, ती बाहेर नीट पडते का, आणि ती उचलणारी यंत्रणा शाबूत आहे का. याच क्रमाने जावे, कारण पहिल्या दोहोंचा तपास घरच्या घरी आणि बहुतेक फुकट होतो.

आत येणारी उष्णता बहुधा दाराच्या रबरातून शिरते. एक नोट दारात अडकवून दार लावावे आणि ती ओढावी. सहज निघाली तर तेथे पकड नाही. चारही बाजूंना असे करावे. रात्री खोलीतला दिवा मालवून, मोबाईलचा टॉर्च आत लावून ठेवला, तर फटीतून उजेड दिसतो. पुष्कळदा रबर खराब नसते, केवळ मळलेले असते. कोमट साबणाच्या पाण्याने पुसल्यावर पुन्हा चिकटते. फाटले असेल तर तेवढे बदलून मिळते. फ्रिजचे पुढचे पाय किंचित उंच असावेत, म्हणजे दार आपोआप लागते. दार लावल्यावर आतला दिवा विझतो का, हेही तपासावे. दार उघडे असताना त्याची कळ बोटाने दाबली की कळते. याशिवाय उकळलेल्या दुधाचे पातेले गरम असतानाच आत ठेवणे, दर दहा मिनिटांनी दार उघडणे, या आपल्याच सवयी आहेत.

बाहेर टाकलेली उष्णता मागच्या काळ्या जाळीतून किंवा बाजूच्या पत्र्यांतून निघते. बाजू कोमट लागणे हा दोष नव्हे, ते काम चालू असल्याचे लक्षण आहे. परंतु जाळीवर धुळीचा थर असेल, किंवा रंगकामानंतर फ्रिज भिंतीला चिकटवून ठेवला असेल, तर उष्णता जाणार कोठे? मागे निदान चार इंच जागा सोडावी. वर्षातून दोनदा फ्रिजची पिन काढून मऊ ब्रशने जाळी झाडावी. फ्रिजवर कापड टाकून त्यावर सामान रचण्याची आपल्याकडे पद्धत आहे, ती सोडावी.

हे दोन्ही निर्दोष निघाले, तरच यंत्रणेकडे वळावे. एकाच दाराच्या फ्रिजमध्ये बर्फाचा जाड थर हाच अडथळा ठरतो. तो पेन्सिलीइतका जाड होण्यापूर्वी कळ दाबून वितळवावा. दोन दारांच्या, आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रिजमध्ये वर बर्फ होतो पण खाली भाजी गरम राहते, असे दिसले तर वरच्या खणाच्या मागील पडद्याआड बर्फ साचून हवेचा मार्ग बंद झालेला असतो. फ्रिज रिकामा करून, पिन काढून, दारे उघडी ठेवून चोवीस तास तसाच ठेवावा. नंतर काही दिवस उत्तम चालून तक्रार पुन्हा आली, तर बर्फ वितळवणारा हीटर किंवा त्याचे नियंत्रण बिघडले आहे, असे समजावे. हा बेताचा खर्च आहे.

आता गॅसविषयी. ‘गॅस संपला’ हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. फ्रिजमधील गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. कमी झाला असेल तर कोठेतरी गळती आहे. बर्फाच्या खणाच्या एका कोपऱ्यातच हिम दिसते, बाकी भाग कोरडा राहतो, कॉम्प्रेसर तापतो आणि मागची जाळी मात्र जेमतेम कोमट असते, ही त्याची लक्षणे. अशा वेळी कारागिराला एकच विचारावे: “गळती कोठे आहे?” ती न बुजवता नवा गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे. गॅस भरण्यापूर्वी नळ्यांतील हवा पंपाने काढून टाकणे आणि आतील गाळणी बदलणेही आवश्यक असते. हल्लीच्या अनेक फ्रिजमध्ये आर-६००ए हा ज्वालाग्राही गॅस असतो. मागील पाटीवर त्याचे नाव आणि ग्रॅममधील वजन छापलेले असते. त्याचे काम चालू असताना खिडक्या उघड्या आणि शेगडी बंद हवी. हे काम जाणकाराचेच. घरी प्रयोग करू नयेत.

तिसरीही एक शक्यता आहे. थर्मामीटर ४ अंश दाखवतो, जिन्नस नीट राहतात, आणि तरी आवाज थांबत नाही. फ्रिज इन्व्हर्टर जातीचा असेल तर तो मंद गतीने दीर्घकाळ चालणे हीच त्याची रीत आहे. मे महिन्याच्या दुपारी जुना फ्रिजही क्वचितच थांबतो. तेथे दुरुस्ती शोधू नये.

बिलाचा हिशेब

चालू असताना साधारण १०० वॅट घेणारा फ्रिज दिवसातून दहा तास चालला तर १ युनिट लागते. चोवीस तास चालला तर २.४ युनिट. रोजचा फरक १.४ युनिट, म्हणजे महिन्याला ४२. घरगुती बिलात दर टप्प्याटप्प्याने चढतात, म्हणून ही ४२ युनिटे तुमच्या सर्वांत महाग टप्प्यात मोजली जातात. शंका असल्यास घरातील बाकी सर्व उपकरणे बंद करून मीटरवरील लाल दिवा पाहावा. एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो हे मीटरवरच छापलेले असते. तो आकडा ३२०० असेल, तर १०० वॅटच्या फ्रिजसाठी साधारण दर अकरा सेकंदांनी एक लुकलुक व्हावी. अर्धा-पाऊण तास हे पाहिले की फ्रिज मधे थांबतो की नाही, याचा लेखी पुरावाच हाती येतो.

ज्यांच्या दुकानात थंड पेयांसाठी वा मिठाईसाठी काचेच्या दाराचे फ्रिज आहेत, त्यांनाही हाच क्रम लागू आहे. त्यात दोनच गोष्टींची भर घालतो. भर दुपारी उन्हातून आलेले खोके एकदम आत भरू नयेत; रात्री दुकान वाढवताना भरावेत. आणि जाळी दर महिन्याला झाडावी, कारण दुकानातील धूळ घरापेक्षा अधिक. शिवाय फ्रिज बंद केल्यावर पुन्हा सुरू करण्यापूर्वी पाच मिनिटे थांबावे. नळ्यांतील दाब समान होण्याआधी सुरू केल्यास कॉम्प्रेसर अडखळतो.

आणि बर्फाला सुरी, उलथने, स्क्रूड्रायव्हर कधीही लावू नये. कारागीर मला म्हणाला, “साहेब, चिमट्यावर निभावलं. खणाला भोक पडलं असतं तर गॅस गेला असता आणि फ्रिज भंगारात.”

ज्यांच्या घरी इन्सुलिन आहे त्यांनी ते डब्यात घालून मधल्या फळीवर ठेवावे. बर्फाच्या खणाला टेकवू नये, आणि बर्फाच्या खणात तर मुळीच ठेवू नये.

मी कारागिराची क्षमा मागितली. त्याने केवळ येण्याजाण्याचे पैसे घेतले. अधिक दिले ते परत केले. अक्काची क्षमा मागणे अधिक अवघड गेले. डॉक्टरांनी नवी बाटली लिहून दिली आणि आठवडाभरात आकडा पूर्वपदावर आला. त्या रात्री मी तिच्याजवळ जाऊन बसलो. काय बोलावे ते सुचेना. तीच म्हणाली, “माझ्या जिभेची झडती घेतलीस, फ्रिजची का नाही घेतलीस? मी तुला दोनदा सांगितलं होतं.” माझ्याजवळ उत्तर नव्हते.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आमच्याबरोबर पानावर बसली. पेटीत आंबे किती उरले होते, ते मी मोजले नाही.